हिरव्याचा हिशेब (पुणे ते फ्लॅटफर्ड, कामाच्या नोंदी)

२ मार्च, पुणे

ठरलं एकदाचं. जूनमध्ये तीन आठवडे इंग्लंड. स्टूर नदीचा एवढासा पट्टा, मॅनिंगट्री ते डेडम, मधे फ्लॅटफर्ड, रोज स्पॉटवर जाऊन जलरंगात काम. नदीच्या एका काठाला सफोक, दुसऱ्या काठाला एसेक्स. मावसबहीण कोल्चेस्टरला राहते म्हणून राहण्याजेवणाचा खर्च नाही, हे एक कारण. इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल हे दुसरं. पहिलं मोठं की दुसरं, ते ताईला बरोब्बर माहीत आहे.

मित्रमंडळींचा एकच प्रश्न: "तीन आठवडे एकाच नदीवर? अरे, स्वित्झर्लंड तरी करून ये!" कॉन्स्टेबल आयुष्यात इंग्लंडबाहेर गेला नाही. वडलांचा धान्याचा व्यापार आणि पाणचक्क्या याच नदीवर, आणि त्याची मोठी चित्रंही बहुतेक इथलीच. ज्या माणसाने परदेश पाहिला नाही त्याच्या गावची चित्रं काढायला मी परदेशी निघालोय, यातला विनोद मलाही कळतो.

९ मार्च, वेताळ टेकडी

सकाळी सातला टेकडीवर. दोन क्वार्टर शीट, म्हणजे पूर्ण कागदाचे पाव तुकडे. पॅलेटवर यलो ऑकर, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, लाइट रेड, कोबाल्ट, अल्ट्रामरीन. गवत वाळून खाकी झालंय, ग्लिरिसिडियाची गुलाबी फुलं संपत आलीत, खडक तापायला लागलाय. साडेआठनंतर कागदावर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, टाकला की तो डावीकडून उजवीकडे नेईपर्यंत डावीकडची कड सुकलेली असते. पंचवीस वर्षं अशीच कामं केल्यामुळे हाताला घाई लागलीय. लोक तिला 'आत्मविश्वास' म्हणतात.

घरी आल्यावर ट्यूब पाहिल्या. तपकिरी बर्न्ट सिएना वर्षातून चार लागतात. सॅप ग्रीनची एकच, आणि तीही मला वाटतं कोविडच्या आधीची.

३ एप्रिल

व्हिसाची कागदपत्रं झाली. सामानाची यादी: हलकं ईझल, घडीचं स्टूल, ब्रश (दोन मॉप, एक फ्लॅट, एक रिगर), स्प्रे, टेप. कागद ३०० जीएसएम, कॉटन. नवा घ्यायला दुकानात गेलो आणि भाव बघून परत आलो. कपाटात दोन पावसाळ्यांपूर्वी स्वस्तात घेतलेली सहा फुल शीट आहेत, आधी ती संपवू. त्याशिवाय एक नवा ब्लॉक घेतला, पंधरा पानांचा.

१८ एप्रिल

शनिवारवाड्यावरून जात होतो. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्रज रेसिडेंट मॅलेटच्या पुढाकाराने पुण्यात चित्रकला शिकवण्याची सोय झाली होती. स्कॉटलंडचा जेम्स वेल्स इथे येऊन सवाई माधवरावांचं चित्र काढून गेला, आणि पुण्याचा गंगाराम तांबट त्यांच्याबरोबर वेरूळची लेणी रेखाटत होता. गंगारामची रेखाटनं आज अमेरिकेत येल विद्यापीठाकडे आहेत. मी उलट्या दिशेने चाललोय, सव्वादोनशे वर्षं उशिरा आणि स्वखर्चाने.

१४ मे

आज शून्य सावली. साडेबाराच्या सुमारास गच्चीवर पाण्याची बाटली उभी केली, सावली बुडाखाली गडप. शेजारच्या काकू वाळवण उलटायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "उन्हात काय बाटल्या मोजतोस?"

पण मोजायलाच हवं. पुणे साडेअठरा अंशांवर, फ्लॅटफर्ड बावन्नवर. जूनच्या ऐन दुपारी तिथे सूर्य साधारण एकसष्ट अंशांपर्यंतच चढतो. म्हणजे सावली कधीच पायाखाली येत नाही. आपल्याकडे दुपारी अकरा ते तीन सगळं सपाट दिसतं म्हणून आपण चित्रकार घरी जाऊन जेवतो आणि झोपतो. तिथे ती सबब चालणार नाही.

५ जून, कोल्चेस्टर

पोहोचलो. मुंबईला विमानतळावर बॅग उघडायला लावली. ट्यूबांचा डबा बघून विचारलं, "हे खायचं आहे का?" ताईने वरणभात केला होता. रात्री साडेनऊला खिडकीबाहेर अजून उजेड आणि आपण झोपायचं, हे काही पटत नाही.

७ जून, फ्लॅटफर्ड

पहिला दिवस. कोल्चेस्टरहून मॅनिंगट्री गाडीने दहा मिनिटं. तिथून पायवाट, दोनेक मैल. ओहोटी होती, खाडीचा चिखल चकाकत होता. पुढे कुरणं. शेतांमधून जाणाऱ्या वाटेवर गुरांना न ओलांडता येणारी फिरती लाकडी फाटकं असतात. माणूस एका कोपऱ्यात उभा राहून फाटक स्वतःभोवती फिरवून पलीकडे जातो. ईझलची पिशवी पाठीवर असलेला माणूस मात्र आत अडकतो. पहिल्या फाटकात दोन मिनिटं अडकलो, दुसऱ्यात पिशवी आधी वरून पलीकडे टाकली आणि ती खाजऱ्या झाडात पडली. ती काढताना मनगटापासून कोपरापर्यंत गांधी उठल्या. तरी तसाच निघालो.

वळणावर ते घर दिसलं. विली लॉटचं. कॉन्स्टेबलच्या 'द हे वेन' या चित्रात डाव्या बाजूला आहे तेच, पांढऱ्या भिंतीचं. विली लॉट शेतकरी होता, ऐंशीहून जास्त वर्षांच्या आयुष्यात घराबाहेर चारच रात्री राहिला असं सांगतात. आमच्या आजोबांचंही साधारण तसंच, फक्त त्यांचं घर कोणी रंगवलं नाही.

काम: चार क्वार्टर शीट. चारही गेली. पहिल्यात सॅप ग्रीन नुसता उघडला, तर प्लास्टिकची झाडं झाली. दुसऱ्यात घाबरून ऑकर घातला, तर मार्चमधली वेताळ टेकडी. तिसऱ्यात वॉश टाकून मी सवयीने लगेच दुसरा थर चढवला आणि पहिला अजून पूर्ण ओला. सगळं एकमेकांत वाहून गेलं, घर नदीत, नदी गवतात. चौथ्यात मी वाट पाहत बसलो. दहा मिनिटं. वीस मिनिटं. कागदावर हात फिरवला तर गार. एवढ्यात ढग आला आणि ज्या उजेडासाठी थांबलो होतो तो गेला.

८ जून

पाऊस. ताईकडे खिचडी. भावोजींनी भिंतीला टेकवलेली चारही चित्रं पाहिली, आणि फार सज्जन माणूस असल्यामुळे फक्त म्हणाले, "नदी ओळखू येते."

१० जून, लंडन

पाऊसच होता म्हणून लंडन. नॅशनल गॅलरीत 'द हे वेन'. सव्वा मीटर उंच, जवळजवळ दोन मीटर रुंद, १८२१ साली रॉयल अकादमीत लागलं तेव्हा त्याचं नाव होतं 'निसर्गदृश्य: दुपार'. त्याने ते स्पॉटवर केलेलं नाही, स्पॉटवरच्या कच्च्या कामांवरून लंडनच्या स्टुडिओत रंगवलं. १८२४ मध्ये पॅरिसच्या सालों प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं.

तासभर बसलो. दुरून हिरवं दिसतं. जवळ गेलं की हिरवं सापडत नाही. तपकिरी आहे, राखाडी आहे, पिवळसर मातकट आहे, झाडांच्या आत जवळजवळ काळं आहे, पाण्यावर पांढरे टिपके आहेत. आणि घोड्यांच्या सामानावर चक्क लाल. तेवढ्या लाल टिपक्याने सगळ्या रानाला हिरवं करून सोडलंय. आपल्याकडे हिरव्या नऊवारीला लाल काठ लावणाऱ्या विणकराला हे कोणी शिकवायला नको.

फ्रेंच चित्रकार देलाक्रवाने रोजनिशीत कॉन्स्टेबलचं म्हणणं लिहून ठेवलंय, की त्याच्या कुरणांचा हिरवा उजवा वाटतो कारण तो वेगवेगळ्या अनेक हिरव्यांचा मिळून झालेला असतो. हे वाक्य मी विद्यार्थ्यांना कित्येकदा ऐकवलंय. ऐकवताना माझ्या पॅलेटवर एकच हिरवी ट्यूब होती.

मग व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये. त्याच्या मुलीने, इझाबेलने, १८८८ मध्ये स्टुडिओतली पुष्कळ कामं तिथे देऊन टाकली. त्यांतली छोटी तैलरंगी स्केचेस पाहिली की मोठ्या चित्रांबद्दलचा दबाव जातो. अर्ध्या तासात उरकलेली वाटतात. चुकलेलीही आहेत काही, देवाची कृपा.

११ जून, ईस्ट बर्गहोल्ट

कॉन्स्टेबलचा वाढदिवस, जन्म १७७६ चा. त्याच्या गावच्या चर्चला मनोरा कधी पुरा झालाच नाही, म्हणून घंटा जमिनीवरच एका मोठ्या लाकडी पिंजऱ्यात टांगल्यात. तात्पुरती सोय म्हणून सोळाव्या शतकात बांधलेला पिंजरा अजून तात्पुरताच आहे. पुण्यात कामं रखडतात म्हणून बोंब मारण्यात अर्थ नाही. कॉन्स्टेबलच्या आईवडलांचं थडगं तिथल्याच आवारात. एक पेन्सिल स्केच, घंटांचं. बरं झालंय.

१२ जून

सकाळी काम नाही, ताईच्या डायनिंग टेबलावर हिरव्यांचा तक्ता. सॅप ग्रीनची ट्यूब बाजूला ठेवली, तिला हात लावायचा नाही. लेमन यलो, रॉ सिएना, ऑकर एका बाजूला. कोबाल्ट, अल्ट्रामरीन, सेरुलियन, व्हिरिडियन दुसऱ्या बाजूला. जोड्या लावत गेलो. वर दाबायला बर्न्ट सिएना.

आईला व्हिडिओ कॉल लागला होता. तिला तक्ता दाखवला. ट्यूबांची नावं मी सांगतो, तर ती आपली नावं ठेवत गेली. लेमन आणि कोबाल्ट: "हा पोपटी." रॉ सिएना आणि अल्ट्रामरीन: "शेवाळी." ऑकर, अल्ट्रामरीन आणि जरासा बर्न्ट सिएना: "मेंदी, पण धुतलेली." व्हिरिडियन आणि सेरुलियनला ती थबकली आणि म्हणाली, "ही चिंतामणी रंगाची पैठणी तुझ्या आत्याकडे होती." शेवटी एक चौकोन काही केल्या तिला जुळेना, निळसर राखाडी हिरवा. मी म्हटलं, हा इथल्या विलोचा, पानाची खालची बाजू. म्हणाली, "मग असू दे बिननावाचा."

तक्ता ब्लॉकच्या पाठीला चिकटवला. इंग्रजी नावं खोडून टाकली. स्पॉटवर "सॅप" असा विचार डोक्यात आला की हात ट्यूबकडे जातो; "शेवाळी" म्हटलं की डोळा आधी झाडाकडे जातो.

१३ जून, डेडमच्या वाटेवर

आज एक गोष्ट लक्षात आली. कॉन्स्टेबलच्या चित्रांतली उंच झाडं जागेवर नाहीत. एल्म होते ते. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून आलेल्या रोगात इंग्लंडभरचे एल्म लाखोंनी गेले. म्हणजे चित्र घेऊन उभं राहिलं तर घर जुळतं, पाणी जुळतं, पण आभाळाला टेकणारं काही नाही. माझ्या रचनेत वरचा अर्धा भाग रिकामा पडतोय तो यामुळे.

उरले विलो. नदीकाठचे विलो डोक्याएवढ्या उंचीवर छाटतात, म्हणजे नवी फूट गुरांच्या तोंडाला लागत नाही. दर काही वर्षांनी मुंडण. खोड जाडजूड, म्हाताऱ्याच्या मुठीसारखं, आणि वर शेंडीसारख्या सरळ काड्या. फार सुंदर सिल्हूट मिळतं.

संध्याकाळी भावोजी बरोबर आले होते. एका शेतात ओळीने लावलेले सरळसोट विलो बघून त्यांनी गाडी थांबवली. बॅटचे. एसेक्स-सफोकमध्ये क्रिकेटच्या बॅटसाठी याची मुद्दाम लागवड करतात. भावोजी फाटकाशी उभे राहून पाच मिनिटं त्या झाडांकडे अशा भक्तीने बघत होते की आळंदीची आठवण झाली. मी चित्र काढत होतो, तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

१५ जून

वाईट दिवस. लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा होणार नाही.

गिरणीच्या पाण्याकडे तोंड करून हाफ शीट लावला. घरून आणलेल्या जुन्या कागदांपैकी पहिलाच. ड्रॉइंग छान उतरलं. आभाळाचा वॉश घेतला, कोबाल्टमध्ये किंचित लाइट रेड, मॉप भरून, वरून खाली. अर्ध्यावर आलो आणि वरच्या बाजूला टिपके उमटायला लागले. आधी वाटलं पावसाचे थेंब. वर पाहिलं, आभाळ कोरडं. टिपके वाढत गेले, मोहरीएवढे, मग मसुरीएवढे. त्या जागी रंग वर राहतच नव्हता, टीपकागदासारखा आत शोषला जात होता. ब्रशने उचलायला गेलो तर कागदाचे तंतू निघाले.

कागदाचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच आत शोषू न देणारा लेप, गेलंय. दोन पावसाळे लोखंडी कपाटात, भिंतीला लागून, बुरशी दिसत नव्हती एवढंच. सुका असताना कागद नव्यासारखा शुभ्र, पाणी लागलं की देवीचे व्रण. बाकीच्या पाच शीटच्या कोपऱ्यांवर पाण्याचा थेंब टाकून पाहिला. चार तशाच. हजार-दीड हजार रुपये वाचवायला मी सात हजार किलोमीटरवर सडका कागद वाहून आणला. दोष दुकानदाराचा नाही, कागदाच्या कंपनीचा नाही, पुण्याच्या पावसाचाही नाही.

पाणथळीशेजारी बसून डबा खाल्ला. ताईने पोळीभाजी दिली होती. बदकांना पोळी आवडते.

१७ जून

जुने कागद फेकले नाहीत. त्यांवर फक्त ढग करायचे असं ठरवलं. कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडला नुसत्या आभाळाचे अभ्यास केले, त्यांच्या मागे तारीख, वेळ, वारा कुठला ते लिहून ठेवायचा. ल्यूक हॉवर्डने ढगांना नावं देऊन तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती. मी शीटचे आठ-आठ तुकडे केले आणि तेच केलं. एका ढगाला दहा मिनिटं, मागे नोंद, पुढचा.

गंमत म्हणजे खराब सायझिंगच्या कागदावर ढग उत्तम होतात. कड धरतच नाही. चार तासांत बावीस तुकडे, त्यांतले सहा घरच्या भिंतीवर लावण्यासारखे.

कुत्र्याला फिरवायला आलेले एक आजोबा मागे उभे होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हा मघाशी गेलेला ढग की आत्ताचा?" मी म्हटलं, मघाचा. "मग बरोबर आहे," म्हणाले आणि गेले. इतकी नेमकी समीक्षा आजवर माझ्या प्रदर्शनावर कोणी केली नाही.

२१ जून

वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. रात्री नऊ, आणि डेडमच्या चर्चच्या मनोऱ्यावर अजून ऊन. हे ऊन आडवं येतं. गवताच्या प्रत्येक पात्याला एक उजळ बाजू आणि एक सावलीची, बटरकपच्या पिवळ्या फुलांचा वर तरंगणारा थर, त्याखाली शेवाळी, त्याखाली आईचा बिननावाचा.

आज घाई झाली नाही. पहिला वॉश टाकून मी स्टूलवरून उठलो आणि पुलापर्यंत चालत गेलो. परत आलो तेव्हा कागद बरोबर तेवढाच ओला होता, कडा विरघळतील पण वाहणार नाहीत इतका. त्या ओलीत विलो सोडले. मग पुन्हा चक्कर. एका क्वार्टर शीटला चार फेऱ्या, दोन तास दहा मिनिटं. शेवटी मनोऱ्याच्या खाली एका माणसाच्या जाकिटाला लाइट रेडचा ठिपका. माणूस नव्हताच तिथे. ठिपका हवा होता.

ठेवण्यासारखं. या मुक्कामातलं बहुधा सगळ्यात चांगलं.

२४ जून

शेवटचा दिवस, फ्लॅटफर्डची जुनी गोदी. इथे नावा बांधत. १८१५ चं 'बोट-बिल्डिंग' हे चित्र कॉन्स्टेबलने सगळं उघड्यावर, जागेवर बसून पुरं केलं असं मानतात. मी तिथे काही केलं नाही. खड्डा, कठडा, पाणी बघत बसलो, आणि मग पोरांची एक सहल आली.

हिशेब: ब्लॉकची पंधरा पानं, जुन्या कागदाचे ढग एकूण चौतीस, एक घंटांचं स्केच. ठेवण्यासारखी पानं पाच. बर्न्ट सिएनाची ट्यूब चिमटीएवढी उतरली. लेमन यलो संपली. सॅप ग्रीन जशीच्या तशी, ती ताईच्या शेजारणीच्या मुलीला देऊन टाकली आणि लगेच वाईट वाटलं, कारण ती आता सगळी झाडं तिनेच रंगवणार.

४ जुलै, पुणे

परत. पालख्या पुढे गेल्यात, रस्त्यांवर खड्डे आलेत, कपाटातला उरलेला कागद ओलसर लागतोय. सगळा बाहेर काढून पंख्याखाली पसरला. बायको म्हणाली, "तीन आठवड्यांत कागद वाळवायला शिकलास, वाया नाही गेलं तिकीट."

९ जुलै, मुळशी रस्ता

विद्यार्थ्यांना घेऊन. मी पंचवीस वर्षांत जुलैमध्ये आउटडोअरला आलो नव्हतो. पाऊस असतो, कागद सुकत नाही, गाडी चिखलात रुतते, आणि सगळं हिरवं असतं. त्या महिन्यात मी स्टुडिओत बसून मार्चच्या फोटोंवरून टेकड्या रंगवायचो.

खाचरांत चिखलणी झालीय, कडेला लावणीची रोपं. ती पोपटी, म्हणजे अगदी आईच्या तक्त्यातली. मागे डोंगर शेवाळी, त्याच्याही मागे पावसाचा राखाडी पडदा, आणि बांधावर लावणीला वाकलेल्या दोन बायका. एकीचं लुगडं लाल. ठिपका मला खोटा टाकावा लागला नाही.

मुलं विचारत होती, "सर, सुकतच नाही, काय करायचं?" म्हटलं, वडापाव खाऊन या. गेली आणि खरंच वीस मिनिटांनी आली.

मागे लिहिलं: मुळशी रस्ता, सकाळी ९.४०, वारा पश्चिमेचा, पाऊस थांबून थांबून. घरी पोहोचेपर्यंत कागद गाडीच्या मागच्या सीटवर आडवाच ठेवला. चांदणी चौकात ब्रेक मारावा लागला तेव्हा डोंगर थोडा खाली उतरला.